मधलं माप

नाल्यावरचा पूल आला तेव्हा खडूबाईंनी डोक्यावरचं गाठोडं पहिल्यांदा खाली ठेवलं. शाळेपासून तिथवर पाऊण तास आम्ही चालत होतो. दुसरं गाठोडं माझ्या डोक्यावर होतं. तिसरं, लहानसं, त्यांच्या सात वर्षांच्या मुलीच्या काखेत. तिला आमच्या गल्लीत सगळे काडी म्हणतात.

गाठोड्यांत शाळेच्या गणवेशाचे एकावन्न फ्रॉक होते. निळे, कोरे, घडीला घडी जुळवलेले. सकाळी आम्ही साठ नेले होते. नऊ शाळेने ठेवून घेतले, बाकीचे परत.

"हसा की ताई," खडूबाई म्हणाल्या. "हसू येत असेल तर हसून घ्या. मला वाईट नाही वाटायचं."

"मला कशाला हसू येईल, वहिनी?"

"मला येतंय, म्हणून म्हटलं."

पण त्या हसल्या नाहीत. कठड्याला टेकून मानेवरचा घाम पुसला आणि अजून किती राहिलंय ते पाहिलं. पुढे लाकडाच्या वखारी, मग रेल्वेचं फाटक, मग गोदामं, आणि मग आमची गल्ली. बसवाल्याने गाठोडी बघून लांबूनच हात हलवला होता. रिक्षा विचारायचा प्रश्नच नव्हता.

"चारला वन्सं घरी येतील," त्या म्हणाल्या. "त्यांच्या आधी पोचायला हवं. माझ्या तोंडून कळलं तर निदान चार शिव्यांत भागेल."

वन्सं म्हणजे त्यांची मोठी नणंद. आणि भागणार नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. शाळेचं काम धड झालं नाही तर शिलाई मशीन भंगारात घालीन, असं वन्संनी अख्ख्या गल्लीसमोर सांगून ठेवलं होतं. खडूबाईंचा सगळा धंदा त्या एका मशीनवर होता. आणि ते मशीन त्यांचं नव्हतं.

खडूबाई हे काही त्यांचं खरं नाव नाही. कापडावर खुणा करायला शिंप्याचा खडू लागतो, तो विकत घेण्याची ऐपत नव्हती. काडी शाळेतून फळ्याखाली पडलेले खडूचे तुकडे फ्रॉकच्या खिशातून घेऊन यायची. ह्या ते तुकडे कानामागे खोचून कामाला बसायच्या आणि मग तसंच बाहेर दुकानाला, पाण्याला जायच्या. कान, मान, केस सगळं पांढरं. नाव पडायला तेवढं पुरे झालं.

त्यांचे वडील एका दुकानाच्या जिन्याखाली मशीन टाकून बसायचे. जुन्या शर्टांच्या कॉलर उलटवून द्यायचे, म्हणजे झिजलेली बाजू आत आणि चांगली बाजू वर. चौथीनंतर मुलीला शाळेतून काढून त्यांनी जिन्याखाली बसवली. टीप वाकडी गेली की लाकडी पट्टी बोटांवर. खडूबाई हे सांगतात तेव्हा तक्रार म्हणून सांगत नाहीत. "म्हणून तर माझी टीप सरळ येते," असं म्हणतात, आणि बोटं पुढे करून दाखवतात, जशी दुसरी बाई बांगड्या दाखवील.

लग्न होऊन त्या आमच्या शेजारी आल्या तेव्हा नवरा वखारीत करवतीवर होता. काडी चार वर्षांची असताना करवतीने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. वखारवाल्याने महिनाभर चौकशी केली, मग दुसरा माणूस ठेवला. तेव्हापासून तो घरात बसून आहे. माणूस वाईट नाही. कोणी विचारलं की सांगतो, "दोन बोटं वखारीला दिली, बाकीची आठ बहिणीकडे गहाण आहेत."

कारण घर बहिणीचं. वन्सं दवाखान्यात आया आहेत, गल्ली त्यांना आयाबाई म्हणते. घर त्यांच्या नावावर, चूल त्यांच्या पगारावर, आणि वाढायला त्या स्वतः बसतात. आधी स्वतःला, मग भावाला. उरलेलं मायलेकींना. मी एकदा जेवणाच्या वेळेला भांडं परत द्यायला गेले होते. काडीने ताट पुढे केलं तर वन्सं म्हणाल्या, "कमवायला लागलीस की पहिलं ताट तुझं." पोर हसली. तिला ते वचन वाटलं.

मशीन वन्संच्या लग्नात त्यांच्याबरोबर सासरी गेलं होतं. तीन महिन्यांनी वन्सं परत आल्या, आणि मशीनही त्यांच्याबरोबर हातगाडीवरून परत आलं. का आल्या ते कोणी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मशीन पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवून त्यावर फुलांची चादर टाकली, वर एक फुलदाणी ठेवली. चौदा वर्षं ते तसंच होतं. कोणी हात लावायचा नाही.

नवऱ्याचा हात गेल्यावर दोन महिन्यांनी खडूबाईंनी धीर केला. मी तेव्हा तिथेच होते.

"वन्सं, मशीन नुसतं पडून आहे. मी चालवू का?"

"नुसता पडून तर आतमध्ये माझा भाऊसुद्धा आहे," वन्सं म्हणाल्या. "त्याला आधी चालवून दाखव."

आतून भाऊ हसला. खडूबाईंनी मान खाली घातली, पण तिथून हलल्या नाहीत. त्यांची ही एक खोड आहे. अपमान झाला की माणूस निघून जातो, त्या उभ्या राहतात. दहा मिनिटांनी वन्संनाच कंटाळा आला. मी दवाखान्यात असेन तेवढाच वेळ, म्हणाल्या. मी चारला आले की चादर वर आणि फुलदाणी चादरीवर. तेल तुझं, सुई तुझी, आणि माझ्या डोळ्यांपुढे ते चालवायचं नाही.

असा तो धंदा सुरू झाला. सकाळी आठला वन्सं बाहेर पडल्या की फुलदाणी खाली, चारच्या ठोक्याला परत वर. कित्येकदा खिडकीतून बघितलंय मी, शेवटची टीप मारता मारता एका हाताने चादर ओढत असायच्या.

भांडवल म्हणाल तर काहीच नाही. एक सुई होती, तिचं टोक बोथट झालं की दाराच्या पायरीवर घासायची. दोरा विकत कमी आणायचा. लोकांचे जुने कपडे उसवताना निघालेला दोरा काडी बोटाभोवती गुंडाळून ठेवायची, रंगाला रंग मिळाला की तोच वापरायचा. इस्त्री नव्हती, तर जाड बुडाच्या भांड्यात निखारे घालून नवरा डाव्या हाताने कपड्यावरून फिरवायचा. पुठ्ठ्यावर पाटी लिहिली ती मी. चेन बसवून मिळेल, कॉलर उलटवून मिळेल, उंची कमी-जास्त करून मिळेल. खाली "उधारी नाही" लिहू का, असं मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "नका. ते वाचून लोकांना आठवतं."

लोकही काही कमी नव्हते. शेजारधर्म म्हणून प्रत्येकीला फुकट हवं असायचं. एक बाई म्हणाली, "एवढी एक चेन तर लावायची, आपल्यातल्या आपल्यात काय पैसे घ्यायचे?" खडूबाईंनी चेन लावता लावता उत्तर दिलं, "मलाही तसंच वाटतं हो. पण मशीन आपल्यातलं नाही ना, ते तेल मागतं." त्या बाईने पैसे ठेवले आणि वर्षभर गल्लीत सांगत सुटली की खडूबाईला मस्ती आली आहे.

तीन वर्षं असं चाललं. मग यंदा शाळेचं काम आलं, आणि ते आणलं कोणी, तर वन्संनीच.

टेकडीवरच्या मोठ्या शाळेत गणवेश सांभाळणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना सगळे स्टोअरबाई म्हणतात. त्या दवाखान्यात दाखल होत्या आणि वन्सं त्यांचं करत होत्या. बोलता बोलता निघालं की दुसरीच्या मुलींचा गणवेश बदलला आहे, साठ फ्रॉक हवेत, आणि नेहमीच्या शिंप्याने इतर वर्गांचं काम घेऊन या वर्गाला नाही म्हटलं आहे. वन्सं म्हणाल्या, माझी भावजय शिवते.

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं ते दारात उभं राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा बेताने. "माझ्या शब्दावर काम मिळालंय. धड झालं तर मशीन तुझं. चादर फाडून तुला पुसायला देईन. आणि माझं नाक कापलंस तर भंगारवाल्याची गाडी या दारात उभी करीन. ही सगळी माणसं साक्षीला आहेत."

खडूबाईंनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी देवाचं नाव घेतलं. दुसरं काय करणार?

शाळेला सुट्टी होती, त्यामुळे माप घ्यायला मुली नव्हत्या. स्टोअरबाईंनी कापडाचे तागे दिले आणि सांगितलं, उरेल ते कापड तुमचं. तीन मापं करा, म्हणाल्या. लहान पंधरा, मधलं तीस, मोठं पंधरा.

"मधलं म्हणजे किती?" खडूबाईंनी विचारलं.

"सात वर्षांची, चांगली निरोगी मुलगी डोळ्यांपुढे ठेवा. तुम्हाला मुलगी आहे ना?"

"आहे. सात पूर्ण झाली. दुसरीतच आहे."

"मग सोपं झालं की. तिचं माप ते मधलं. त्याहून इंचभर कमी ते लहान, इंचभर जास्त ते मोठं."

तरी खडूबाई बाजारातल्या शिंपी मास्तरांकडे गेल्या. जाणत्या शिंप्याकडे वयानुसार मापांचा तक्ता असतो, तो क्षणभर बघू द्या म्हणाल्या. मास्तर कात्री न थांबवता म्हणाले, "तीस वर्षं घालवली त्या तक्त्यावर. तुम्हाला क्षणभरात हवा? घरी पोरगी असेल, तिला फूटपट्टी लावा." म्हणजे दोन शहाण्या माणसांनी तेच सांगितलं.

माप घेतलं तो दिवस मला चांगला आठवतो. खिडकीशी स्टूल ठेवून काडीला वर उभं केलं होतं. तिने केस ओले करून चापून बसवले होते, जसा काही फोटो काढायचा आहे.

"हलू नकोस," खडूबाई टेप लावत म्हणाल्या. "तू आता एकटी नाहीस. साठ मुली आहेस तू."

"साठच्या साठ माझ्यासारख्या?"

"तीस अगदी तुझ्यासारख्या. बाकीच्या थोड्या इकडे-तिकडे."

"मग त्या चालतील पण माझ्यासारख्या?"

"चालतील कशाही. फ्रॉक तुझ्या अंगाचा असणार."

पोर अर्धा तास हलली नाही. नंतर तिने साऱ्या गल्लीला सांगितलं की टेकडीवरच्या शाळेत ती नमुना आहे.

तीन आठवडे आम्ही राबलो. खडूबाई कापायच्या आणि शिवायच्या, मी बटणं लावायची आणि घेर दुमडायची, नवरा निखाऱ्याचं भांडं फिरवायचा. वन्संनी चारची अट सैल करून सहा केली. घरी आल्या की मशीनसमोर खुर्ची टाकून बसायच्या, बोलायच्या नाहीत, नुसत्या त्या चाकाकडे बघत राहायच्या. एकदा एक फ्रॉक उलटा करून आतली शिवण तपासली आणि म्हणाल्या, "टीप सरळ आहे." सात-आठ वर्षांत भावजयीला त्यांनी म्हटलेला तेवढाच एक बरा शब्द.

शिवणीच्या आत बोटभर जादा कापड सोडतात, पुढेमागे कपडा सैल करता यावा म्हणून. खडूबाईंनी ते अगदी कमी सोडलं. मापाने कापलेले कागदाचे तुकडे ताग्यावर असे काही खेटून मांडले की साठ फ्रॉक कापूनही चांगलं नऊ-दहा हात कापड उरलं. "उरेल ते तुमचं" असं स्टोअरबाई म्हणाल्या होत्या ना. त्यात काडीला एक फ्रॉक आणि बाकीचं पुढच्या कामाला, असा त्यांचा हिशेब होता. काटकसर त्यांच्या हाडांत मुरली आहे, ती कात्रीत उतरली.

आज गुरुवार. सोमवारी शाळा उघडणार, म्हणून आज मुलींना फ्रॉक घालून बघायला बोलावलं होतं. काडी हट्टाने आमच्याबरोबर आली. तिला तिच्या तीस जणी बघायच्या होत्या.

शाळेच्या मोठ्या खोलीत मुली रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या आया बाहेर गाड्यांपाशी. पहिल्या मुलीला मधल्या मापाचा फ्रॉक घालायला घेतला तर तो खांद्यावरच अडकला. मला वाटलं, ही जरा अंगाने भरलेली असेल. दुसरी बोलावली. तिच्या काखेतून टर्रकन आवाज आला आणि सगळी रांग हसली. तिसरीचं मागचं बटण लागेना. स्टोअरबाई म्हणाल्या, "मोठं माप आणा." मोठं माप चौथीला मधल्यासारखं नाही, लहानासारखं बसलं.

खडूबाईंचा चेहरा मी बघितला नाही. मला धीर झाला नाही. मी फ्रॉक काढून देत राहिले आणि ते परत येत राहिले. साठ मुलींत नऊ निघाल्या, सगळ्यांत बारक्या, त्यांना मोठं माप कसंबसं आलं.

"बाई," स्टोअरबाई म्हणाल्या, आवाज न चढवता, "मी तुम्हाला सात वर्षांची मुलगी सांगितली होती."

"सात वर्षांचीच आहे. तिच्याच मापाचे आहेत."

"कुठे आहे ती मुलगी?"

काडी आपणहून पुढे झाली. तिला वाटलं, आता तिची ओळख करून देणार. स्टोअरबाईंनी रांगेतल्या एका मुलीला ओढून तिच्या शेजारी उभं केलं. मी खोटं सांगत नाही, काडीचं डोकं त्या मुलीच्या जेमतेम हनुवटीला लागत होतं.

"ही तर बालवाडीतली आहे!" रांगेतून कोणी तरी ओरडलं.

"मला सतराचा पाढा येतो," काडी म्हणाली.

स्टोअरबाई खाली वाकल्या. "तोंड उघड बघू, बाळ. दात दाखव."

काडीने तोंड उघडलं. स्टोअरबाईंनी हनुवटी धरून तिचं तोंड उजेडाकडे फिरवलं आणि वाकून आत बघितलं. बाजारात जनावर घेताना बघतात, तसं. पुढचे दोन मोठे नवे दात आले होते. साठ मुली आणि आम्ही दोघी बघत होतो.

"दात सातचे आहेत," स्टोअरबाई हात पुसत म्हणाल्या. "अंग पाचचं आहे. मी निरोगी मुलगी म्हटलं होतं, बाई."

"निरोगीच आहे ती," खडूबाई म्हणाल्या. "तिला कधी साधा ताप आला नाही."

शेवटी स्टोअरबाईंनी नऊ फ्रॉक बाजूला काढले. कापड शाळेचं आहे, म्हणाल्या. सोमवारी सकाळी एकावन्न फ्रॉक अंगात बसतील असे आणून द्या. नाहीतर ज्यांच्या शब्दावर काम दिलं, त्यांना दवाखान्यात जाऊन मीच विचारते. खडूबाईंनी गळ्यातला टेप काढला आणि रांगेतल्या जवळच्या मुलीकडे गेल्या, निदान एकीचं माप घेऊ द्या म्हणून. पण मुलींना सोडून दिलं होतं. आया गाड्यांतून हाका मारत होत्या, पोरं धावत सुटली. टेप हातात तसाच लोंबत राहिला.

हे सगळं झालं आणि आम्ही चालायला लागलो.

पुलानंतर वखारी लागल्या. करवतीवरची माणसं खडूबाईंना ओळखतात. एकाने गाठोडी बघितली आणि ओरडून विचारलं, "काय वहिनी, धोब्याचं काम धरलंत काय?"

"धरलं," खडूबाई न थांबता म्हणाल्या. "तुम्हीही द्या, तुमच्यावरही बरंच साचलंय."

तो माणूस हसला, बाकीचे त्याला हसले. पण पुढे वळणावर खडूबाईंचं गाठोडं एका बाजूला कललं आणि मला माझं सांभाळत ते धरावं लागलं.

रेल्वेचं फाटक बंद होतं. आम्ही ओझी उतरवून उभ्या राहिलो. काडी बराच वेळ काहीतरी विचारू बघत होती.

"आई, त्या बाईंनी माझे दात का बघितले?"

"गप बस."

"मी लहान आहे का?"

"गप बस म्हटलं ना."

"पण तूच म्हणालीस, तीस अगदी माझ्यासारख्या..."

"तुझ्यामुळे झालं हे सगळं!" खडूबाई ओरडल्या. फाटकापाशी थांबलेली माणसं वळून बघायला लागली. "जरा वाढली असतीस तर काय बिघडलं असतं तुझं?"

मी ऐकलं. देवानेही ऐकलं असेल, तो ऐकतो असं मी मानते, आणि त्या क्षणी मला वाटलं, त्याने जरा कानावर हात ठेवला असता तर बरं झालं असतं. काडी रडली नाही. तिने आपलं गाठोडं नीट काखेत घेतलं. मालगाडी गेली, फाटक उघडलं, आम्ही रूळ ओलांडले. पुढे मी मागे वळून पाहिलं तर पोर टाचा उचलून चालत होती. गोदामांपर्यंत ती तशीच चालली, चवड्यांवर, ओझ्यासकट.

"अगं, पाय दुखतील," मी म्हटलं.

"नाही दुखत," ती म्हणाली.

गोदामांच्या सावलीत आम्ही शेवटचं थांबलो. तिथून आमची गल्ली दिसते. खडूबाई गाठोड्यावर बसल्या आणि एक फ्रॉक काढून मांडीवर पसरला. बोटांनी बाजूची शिवण चाचपत राहिल्या.

"दोन्ही बाजू उसवायच्या," त्या म्हणाल्या. माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कळत नव्हतं. "काखेपासून खालपर्यंत पट्टी घालायची. उरलेलं कापड आहे ते पुरेल. चुणीखाली लपवली तर पट्टी दिसायची नाही. खांद्याला वरून जोड. घेर सोडायचा. शुक्रवार, शनिवार, रविवार. वन्संना सांगेन, भंगारवाल्याची गाडी सोमवारी दुपारी बोलवा, तोवर नको. त्या शिव्या देतील, पण तीन दिवस देतील. त्यांनाही नाक आहे."

"होईल, वहिनी. मी येते उसवायला."

"होईल नाही, ताई. पट्टी किती रुंद घालायची? दोन बोटं? चार बोटं? एकदा अंदाजाने केलं."

"अंदाजाने कुठे? तुम्ही माप घेऊन केलंत."

"तेच म्हणतेय. माप घेऊन केलं. आता दुसऱ्यांदा चुकलं तर कापडही नाही आणि मशीनही नाही."

मला जे शाळेपासून सलत होतं ते आता सांगते. मला एक मुलगी आहे, काडीच्याच वर्गातली, काडीच्याच वयाची. माझे यजमान कारखान्यातल्या खानावळीत कामाला आहेत, उरलेलं घरी येतं, म्हणून आमच्याकडे ताटं भरलेली असतात. तिला गल्लीत भोपळी म्हणतात. मीही म्हणते. माप घ्यायचं ठरलं त्या दिवशी खडूबाईंनी मला विचारलं होतं, दोघींचं घेऊन मधलं काढू का? मी हसून म्हटलं, माझी कशाला, ती फारच जाडी आहे, कापड वाया जाईल. त्यांनाही ते पटलं. आमच्या गल्लीतल्या कुणालाही पटलं असतं. आज त्या रांगेतली पहिली मुलगी आली, दुसरी आली, तिसरी आली, आणि मला दिसत गेलं की त्या सगळ्या माझ्या मुलीएवढ्या आहेत. जाडी तिथे कोणीच नव्हती.

खडूबाईंनी फ्रॉकची घडी केली, गाठोड्यात कोंबला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांनाही तेच दिसलं होतं. शाळेतच दिसलं असणार. इतका वेळ त्या तेच गिळत चालल्या होत्या.

काडी शेजारीच उभी होती. "आई, माझं परत घेणार ना माप?" तिने विचारलं. "आता मी नीट उभी राहीन."

"तुझं नको," खडूबाई म्हणाल्या. तिच्याकडे न बघता. मग उठल्या, गाठोडं डोक्यावर घेतलं, मान सावरली आणि मला म्हणाल्या,

"ताई, एक मागते, नाही म्हणू नका. उद्या सकाळी तुमच्या मुलीला माझ्याकडे पाठवा. स्टुलावर उभी करीन, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि जेवायला घालून पाठवा. मला भरल्या पोटाचं माप हवंय."